तारीख मिळते, खोली मिळत नाही

भेंडी चिरताना सुरीला जी चिकट तार सुटते, तिच्यावर माझी अख्खी नोकरी उभी होती असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरंच आहे. बाईच्या अंगावरून जो पांढरा स्राव जातो, तो बीज तयार होण्याच्या सुमाराला पातळ आणि काचेसारखा स्वच्छ होतो, दोन बोटांत धरला तर ताणला जातो. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्याची उपमा दिलेली असते. आमचं क्लिनिक घाटकोपरला. तिथे येणाऱ्या निम्म्याअधिक बायकांनी जन्मात अंडं फोडलेलं नसायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका जैन घरातल्या मुलीला मी हे अंड्याचं सांगितलं आणि तिने तोंडाला रुमाल लावला. तेव्हापासून मी भेंडीवर आले. भेंडी सगळ्यांना चालते.

मूल होत नाही म्हणून बायका आमच्याकडे यायच्या. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, सोनोग्राफी करायच्या. मी सिस्टर. बाईला आत घ्यायचं, टेबलावर नीट झोपवायचं, तिचा हात धरायचा, मॅडमचं झालं की इंजेक्शन द्यायचं आणि बाहेर आणून सगळं पुन्हा साध्या मराठीत सांगायचं. कारण आत मॅडम जे बोलायच्या त्यातलं बायकांना काही ऐकूच यायचं नाही. त्यांचं सगळं लक्ष मॅडमच्या चेहऱ्याकडे असायचं.

ज्यांना या कामाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर महिन्याला बाईच्या पोटात एक बीज तयार होतं. ते एका छोट्या फुग्यात वाढतं, त्याला फॉलिकल म्हणतात. एका दिवसाआड सोनोग्राफी केली की तो फुगा किती मोठा झाला ते पडद्यावर दिसतं. पुरेसा वाढला की फुटतो आणि बीज बाहेर पडतं. बाहेर पडलेलं बीज जेमतेम दिवसभर टिकतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या पोटात दोन-चार दिवस वाट बघत थांबू शकतं. वाट बघण्यात पुरुष पुढे असल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. म्हणून फुगा फुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि फुटतो तो दिवस, एवढाच काय तो मोका. तो चुकला की पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

हे दिवस ओळखायला लोक काय काय करतात! कुणी रोज सकाळी उठल्याउठल्या थर्मामीटर तोंडात धरतं. अंग किंचित गरम झालं की बीज सुटलं असं समजायचं, पण ते कळतं पाहुणा निघून गेल्यावर. हल्ली मोबाइलवर ॲप असतात. तुमच्या मागच्या पाळ्यांवरून ती अंदाज बांधतात आणि स्क्रीनवर फूल उमलवून दाखवतात. पाळी पुढेमागे झाली की फूल खोटं पडतं. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्ट्या. लघवीत बुडवायची, दोन ठळक रेघा आल्या की बीज आता एक-दोन दिवसांत सुटणार. या पट्टीवरच्या दोन रेघा म्हणजे दिवस गेले असं समजून विक्रोळीच्या एका गृहस्थाने गावाला फोन करून आईला गोड बातमी देऊन टाकली होती. नंतर आमच्याकडे आला आणि मला म्हणाला, "सिस्टर, आता आईला फोन तुम्हीच करा." मी केला नाही. काही फोन ज्याचे त्यानेच करावेत.

आमची वेटिंग रूम शांत असायची. दाताच्या दवाखान्यात बायका अनोळखी बाईशीसुद्धा बोलतात, आमच्याकडे बोलत नसत. मधली खुर्ची सोडून बसायचं आणि तिच्यावर पर्स ठेवायची. एकदा तर एकाच घरातल्या दोन जावा, एकमेकींपासून लपवून उपचार घेणाऱ्या, चुकून एकाच वेळी आल्या. मोठी आधी बसलेली, धाकटी दार उघडून आत आली. मी काउंटरवर होते, मला वाटलं आता धाकटी उलट्या पावली जाणार. मोठीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. त्यानंतर त्या दोघी कायम एकाच रिक्षातून यायच्या. इतक्या वर्षांत त्या वेटिंग रूममधलं हसणं मला आठवतं ते त्या दोघींचंच.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा असेच गमतीचे किस्से लिहायचं मी ठरवलं होतं. पण लिहायला बसले की विद्या आणि सचिनच समोर येतात. म्हणून त्यांचंच सांगते. दोघांची नावं बदलली आहेत.

विद्या बत्तीसएक वर्षांची, घाटकोपरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात बिलिंगला होती. सचिन लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आज अंधेरी, उद्या मुलुंड, जिथे लिफ्ट अडकेल तिथे हा. राहायला भांडुपला, डोंगरावरच्या चाळीत. लग्नाला सहा वर्षं झालेली. दोघांचे रिपोर्ट चांगले. विद्याच्या पोटातला फुगा दर महिन्याला शहाण्यासारखा वाढायचा आणि वेळेवर फुटायचा. मॅडम म्हणायच्या, "पुस्तकात छापावी अशी पाळीची सायकल आहे." मी तारीख सांगायचे, विद्या मान डोलवायची, आणि महिन्याच्या शेवटी पाळी यायची. असे बरेच महिने गेले.

एकदा तिच्याबरोबर तिची सासू आली. मालवणकडची, ठेंगणी, गुडघे धरून चालणारी. सासरे गिरणीत होते. गिरणी गेली, आता खोकत घरी बसलेले असतात, हे तिने पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "बाय, माझी चार पोरां त्याच खोलयेत झाली गो. हिकाच काय झाला?"

विद्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. सासू बाथरूमला गेली तशी मला हळूच म्हणाली, "सिस्टर, ह्या माझ्यासाठी मारुतीला नारळ बोलतात. पण संध्याकाळी तासभर देवळात बसून या म्हटलं, की गुडघे दुखतात."

मला तेव्हा ते नुसतं सासू-सुनेचं बोलणं वाटलं.

पुढच्या महिन्यात मॅडमनी पुढच्या उपचाराचं बोलायला सुरुवात केली. पुरुषाचं बीज स्वच्छ करून नळीने थेट गर्भाशयात सोडायचं, असा तो उपचार. त्याआधी मी नेहमीचे प्रश्न विचारायला विद्याला आतल्या खोलीत बसवलं. हे प्रश्न विचारताना मी कधी लाजत नसे. लाजलं की समोरची खोटं बोलते.

"गेल्या महिन्यात सांगितलेल्या तारखांना संबंध आला होता ना?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही."

"आणि त्याच्या आधीच्या महिन्यात?"

"नाही."

"विद्या, कधी आला होता?"

ती हसली. त्या हसण्याचं मला फार वाईट वाटलं. "सिस्टर, कुठे येणार? एक खोली आहे. मध्ये पडदा. पडद्याच्या पलीकडे सासू-सासरे, माळ्यावर दीर. सासऱ्यांना रात्रभर खोकला, झोप नसतेच त्यांना. आम्ही कूस बदलली तरी ते विचारतात, काय झालं रे? लग्न झालं तेव्हा मे महिन्यात सगळे गावाला जायचे, तेवढे दिवस आमचे. आता सासऱ्यांना प्रवास झेपत नाही. मे महिनापण गेला."

"मग इथे का येत होतीस?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा.

"घरात सांगायला. उपचार चालू आहेत म्हटलं की कुणी काही बोलत नाही. आणि मॅडम दर वेळी म्हणतात ना, छान वाढलंय. ते ऐकून जाते."

मग तिने गोराईचं सांगितलं. एकदा दोघं सुट्टी काढून बोटीने गोराईला गेली होती. एका लॉजच्या काउंटरवर माणसाने आधार कार्ड बघितलं, भांडुपचा पत्ता बघितला, आणि म्हणाला, लोकलवाल्यांना रूम देत नाही. सचिनने बायकोचं मंगळसूत्र दाखवलं. तो म्हणाला, ते काय सगळ्याच घालून येतात. शेवटी दुसऱ्या एका ठिकाणी खोली मिळाली. चादरीवर डाग होते. बाहेरच्या गॅलरीत कुणीतरी मुद्दाम चपला वाजवत फिरत होतं. दोघं पलंगाच्या कडेला बसली, घरून नेलेल्या घावणे-चटणीचा डबा खाल्ला आणि परतीच्या बोटीत येऊन बसली.

"नवरा-बायको आहोत, सिस्टर," ती म्हणाली. "आणि चोरासारखं वाटलं."

मी मुलुंड पूर्वेला राहते. जुनी कॉलनी, तिसरा मजला, दोन खोल्या. आम्ही मूळचे जालन्याकडचे. वडील लवकर गेले. धाकट्या भावंडांची शिक्षणं, लग्नं करता करता माझं लग्न राहून गेलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पेशंट विचारायच्या, सिस्टर, तुम्हाला किती मुलं? मी म्हणायचे, तुमच्यासकट मोजू का? शेवटची काही वर्षं आई आणि मी दोघीच होतो, आणि आई गेल्यावर मी. सकाळी कुलूप लावून निघायचे, संध्याकाळी तेच कुलूप उघडायचे. सकाळी ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच असायचा. एकट्या माणसाच्या घरात वस्तू आपणहून हलत नाहीत, हे आई गेल्यावर मला कळलं.

विद्याचं ऐकताना मला माझं ते बंद घर दिसत होतं. दिवसभर दोन खोल्या, पलंग, पंखा, सगळं रिकामं. मी फार विचार केला नाही. केला असता तर बोलले नसते.

"मी सकाळी निघते ती संध्याकाळी येते," मी म्हटलं. "मधल्या वेळात माझं घर रिकामं असतं. जादाची चावी आहे."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने मान खाली घातली.

पहिल्या वेळी मी घर आवरलं तसं दिवाळीलाही कधी आवरलं नव्हतं. नवी चादर आणून धुऊन घातली. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. पलंगासमोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता, तो उतरवून स्वयंपाकघरात नेला. "थोडा वेळ बस इथे," असं तिला म्हणालेसुद्धा. बुद्धाची छोटी मूर्ती मात्र शेल्फवर राहू दिली. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

समोरच्या घरात पाटकर वहिनी राहतात. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. दाराच्या आड उभं राहून जिन्यावर कोण आलं, कोण गेलं बघणं हा त्यांचा उद्योग. मी त्यांच्यापासून जरा लांबच असायचे. त्याच संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"सुलभा, तुझ्याकडे दुपारी कोण आली होती गं दोघं? चावी होती त्यांच्याकडे."

"माझी भाची," मी म्हटलं. "आणि जावई. इथे जवळच काम असतं त्यांचं. मध्ये आराम करायला येतात."

"भाची? कधी बोलली नाहीस."

"मावसबहिणीची मुलगी," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

विद्याला मी हे सांगून ठेवलं. तेव्हापासून जिन्यात कुणी भेटलं तर ती मोठ्याने मावशी म्हणायची. मग घरातही म्हणायला लागली. एकदा क्लिनिकमध्येही तिच्या तोंडून मावशी निघून गेलं आणि मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

दुपारी सगळ्या पेशंट गेल्यावर मॅडमनी मला बसवलं. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पेन बंद करत म्हणाल्या, "सुलभा, तुम्ही चांगलंच केलंत. पण एक सांगू? यांना मूल झालं की या आपल्याला विसरतात. विसरायलाच हवं. आपण समोर आलो की त्यांना ते सगळे दिवस आठवतात. तुम्ही सवय लावून घेऊ नका."

"मला कसली सवय लागणार, मॅडम," मी म्हटलं.

पण लागली. महिन्यातले ते दोन-तीन दिवस मी संध्याकाळी जरा भरभर जिना चढायचे. दोघं तोपर्यंत निघून गेलेली असायची. भांडी घासलेली, चादर धुऊन दोरीवर वाळत घातलेली. घरात फोडणीचा वास असायचा. विद्या कधी सुकटाची चटणी करून झाकून ठेवायची, कधी सोलकढी. सचिनने माझा गळका नळ दुरुस्त केला, मग बेल, मग किती वर्षं न लागणारी खिडकीची कडी. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही ते झकास आहे. नाहीतर मी इथे येऊनपण लिफ्टच खोलून बसलो असतो."

गमतीत म्हणाला, पण त्याच्यावर ताण होताच. ही तारीख माणसाचं काय करते ते मी खूप बघितलं आहे. एरवी आनंदाने जवळ येणारी माणसं, आज तारीख आहे म्हटलं की परीक्षेचा पेपर हातात आल्यासारखी एकमेकांकडे बघतात. नेमकं त्याच दिवशी भांडण होतं, डोकं दुखतं, कुणाचा तरी साहेब सुट्टी देत नाही. तारीख मी सांगायचे. त्या तारखेला दोन माणसांना एकमेकांबद्दल काय वाटेल, ते सांगणारी सोनोग्राफी अजून निघालेली नाही.

असाच एक दिवस. फुगा पूर्ण वाढलेला, तो फुटायचं इंजेक्शन देऊन झालेलं, तारीख ठरलेली. मी संध्याकाळी घरी आले तर दार आतून बंद. बेल वाजवली. विद्याने दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. एकटीच होती.

"सचिन?"

"आलाच नाही. अंधेरीला एका टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली, आत म्हातारी माणसं अडकली होती. तो तिकडेच आहे अजून."

मला वाटलं ही आता रडणार. मी पर्स ठेवली, तिला पाणी द्यायला गेले. मागून तिचा आवाज आला, "मावशी, रागावू नका. मला बरं वाटलं."

मी वळून बघितलं. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"त्याचा फोन आला आणि मी आडवी झाले. मला वाटलं पाच मिनिटं. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा उठले. इतकी वर्षं झाली, मी कधी एका खोलीत एकटी झोपलेच नाही. माहेरी आम्ही सात जण. इथे पाच. दुकानात चेंजिंग रूमच्या बाहेर दहा जणी उभ्या. आज जाग आली ना, तर पंख्याचा आवाज फक्त. मला आधी भीतीच वाटली. मग वाटलं, असंच पडून राहावं."

"मग राहायचंस," मी म्हटलं.

मी चहा केला. आम्ही दोघी पलंगावरच बसून चहा प्यायलो. बाहेर अंधार पडत होता तरी दिवा लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती खोलीभर बघत म्हणाली, "किती छान आहे हे. तुम्हाला रोज मिळतं." मग तिने विचारलं, "तुम्हाला एकटं नाही वाटत?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. भावंडं फोनवर तब्येत विचारतात, जेवलीस का विचारतात.

"वाटतं," मी म्हटलं.

तिने काही समजावलं नाही, धीर दिला नाही. कप खाली ठेवला आणि आणखी थोडा वेळ बसली. मग सासूचा फोन आला, तशी उठली, केस बांधले आणि गेली. त्या महिन्यातली तारीख गेली ती गेलीच. पण मला वाटतं त्या दिवसापासून ती बदलली. पुढच्या महिन्यात दोघं आली ती हसत. सचिनने येताना मोगऱ्याचा गजरा आणला होता. तो मला दुसऱ्या दिवशी उशीखाली सापडला, चुरगळलेला. मी तो टाकून न देता पाण्याच्या वाटीत ठेवला.

त्याच महिन्यात पाळी चुकली.

रिपोर्ट मीच हातात घेतला, मीच विद्याला आत बोलावलं. एरवी मी अशा वेळी मॅडमच्या आधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती दारातून आत आली, माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. मला घट्ट धरून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "अहो, बसू तरी द्या तिला."

आमच्याकडे बाळंतपणं होत नसत. तिसरा महिना संपला की आम्ही पेशंटला दुसरीकडे पाठवायचो. विद्या शेवटची आली तेव्हा पिशवीतून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे." ती म्हणाली, "नको मावशी, घरात कुणाला सापडली तर काय सांगू?" बरोबरच होतं तिचं.

मग संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा कप ओट्यावर तिथेच असायचा.

सुरुवातीला तिचे फोन यायचे. उलट्या होतात, पाय सुजतात, सासू हलू देत नाही. सासू आता रोज तिच्यासाठी पेज करते, पायांना तेल लावते, असं कौतुकाने सांगायची. मला सासूबद्दल बरं वाटायचं. पुढे फोन कमी झाले. भोवती सतत माणसं असताना ती माझ्याशी बोलणार तरी काय? मी तिची कोण, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. सासूच्या लेखी मी दवाखान्यातली सिस्टर. मुलगी झाल्याचं मला सचिनने फोनवर सांगितलं. तो कुठल्यातरी बिल्डिंगच्या गच्चीवर असावा, वारा ऐकू येत होता. "मावशी, मुलगी! एकदम झकास!" असं ओरडला आणि त्याला कुणीतरी हाक मारली.

बारशाच्या आदल्या दिवशी विद्याचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"मावशी, उद्या बारसं आहे. घरीच."

"अगं वा!"

मागे भांड्यांचा आवाज, बायकांचं बोलणं. मग म्हणाली, "सगळी गावची माणसं आलीयत. सासूबाई विचारतील, क्लिनिकच्या सिस्टर बारशाला कशा? मग एकातून एक निघेल. कुठे जायचात, कधी जायचात... मावशी, मला सांगता येणार नाही हो."

"मला कळतंय," मी म्हटलं.

"मी बाळाला घेऊन येते ना तुमच्याकडे. नक्की येते."

"ये. घाई करू नकोस. सव्वा महिना होऊ दे."

मी तिच्यावर रागावले नव्हते. मॅडमनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं आणि ते पटतही होतं. बायकोला घेऊन कुठे जायचास, असं सचिनला चाळीत चार माणसांसमोर विचारलं तर तो काय सांगणार? त्यांचं जे होतं ते त्यांच्यापाशी झाकलेलं राहावं म्हणूनच तर मी घर दिलं होतं. आता त्या झाकलेल्यात मीही आले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी खाली दूध आणायला गेले. परत येताना पाटकर वहिनी दारात उभ्या.

"सुलभा, तुझी भाची दिसत नाही गं हल्ली?"

"तिला मुलगी झाली," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, म्हणताना मला हसू फुटलं.

"अगंबाई!" वहिनींनी माझा दंडच धरला. "म्हणजे तू आजी झालीस की! आणि अशी कोरडी कोरडी सांगतेस? पेढे कुठेत?"

मी दुधाची पिशवी घरात ठेवली आणि पुन्हा खाली उतरले. स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे आणले. आमच्याकडे क्लिनिकमध्ये पेढे सतत यायचे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेढे खाल्ले, वाटले मात्र कधीच नव्हते. तळमजल्यापासून सुरुवात केली. ज्या घरांशी माझा नुसता मान हलवण्यापुरता संबंध होता, त्या घरांच्या बेल वाजवल्या. लोक दारात थांबवून चौकशी करत होते. बाळंतीण कशी आहे? वजन किती? कुणासारखी दिसते? मी सांगत गेले. बाळंतीण छान आहे. वजन चांगलं आहे. नाक वडिलांवर गेलंय. मुलीचा साधा फोटोही मी बघितला नव्हता.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर आले. पाटकर वहिनींनी पेढा हातात घेतला.

"नाव काय ठेवलं?"

"आजच ठेवतायत," मी म्हटलं. "बारसं आहे आज."

"आज? आणि तू इथे काय करतेस मग?"

"क्लिनिकला जायचं आहे," मी म्हटलं. "आज खूप बायका आहेत."

रविवारी आमचं क्लिनिक बंद असतं, हे वहिनींना माझ्याइतकंच माहीत होतं. इतकी वर्षं दाराआड उभं राहून त्यांनी माझं जाणं-येणं बघितलं होतं. पेढ्याचा एक तुकडा मोडून त्यांनी माझ्या तोंडात घातला, उरलेला स्वतःच्या, आणि दार पूर्ण उघडलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

मी चपला काढल्या आणि आत गेले.